टांगा, बोंडू आणि भिजलेली वही

ऑक्टोबर २०१२, शनिवारची सकाळ. विस्कॉन्सिन संपून इलिनॉय सुरू होतं त्याच्या जरा अलीकडे, बेलॉइटजवळच्या एका चीजच्या दुकानाबाहेर मी गाडीची डिकी उघडून उभा होतो. शेजारी दुसरी गाडी येऊन लागली. तिच्यातून साठीचे एक गोरे गृहस्थ उतरले, इकडेतिकडे बघितलं, हात पुढे केला आणि नमस्कार-चमत्कार राहू देत, पहिलंच वाक्य बोलले, "कॅन थंडच आहेत, निघताना फ्रीजमधून काढलेत." मग त्यांच्या डिकीतलं खोकं माझ्या डिकीत आलं आणि माझं त्यांच्याकडे गेलं. पाच मिनिटांचा कारभार. एच-वन-बी व्हिसावरचा मिरजेचा मुलगा दोन राज्यांच्या सीमेवर एका अनोळखी माणसाशी खोकी बदलतोय, हे लांबून कसं दिसत असेल या विचाराने मला त्या थंडीतही घाम फुटला होता.

खोक्यात बिअर होती. माझ्यात बारा बाटल्या, त्यांच्यात आठ कॅन आणि तीन बाटल्या.

आता सरळ दुकानात जाऊन घ्यायची सोडून हा उद्योग कशाला, तर माझ्या बाटल्या न्यू ग्लारसच्या होत्या. मी नोकरीला होतो त्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनपासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे गाव १८४५मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारुस भागातून आलेल्या लोकांनी वसवलं. तिथे डेबोरा आणि डॅनियल केरी या नवराबायकोने १९९३मध्ये ब्रुअरी काढली. त्यांची बिअर फक्त विस्कॉन्सिनमध्ये मिळते. पूर्वी इलिनॉयमध्ये जायची, पण घरचीच मागणी पुरी होईना म्हणून २००२मध्ये त्यांनी तेही बंद केलं. त्यांची 'स्पॉटेड काऊ' मॅडिसनमध्ये पेट्रोल पंपावरसुद्धा दुधाच्या कपाटाशेजारी रांगेत उभी असते, आणि सीमा ओलांडली की तीच बाटली सोन्याची होते. पुढे एकदा मिनेसोटातल्या एका बारने ती गुपचूप आणून विकली, तर साध्या वेषातल्या सरकारी माणसांनी गिऱ्हाईक बनून ती मागवली आणि प्रकरण पार खटल्यापर्यंत गेलं. गायीचं चित्र असलेल्या एका साध्या बिअरसाठी!

याचं मूळ १९३३मध्ये आहे. अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा दारूचे कायदे राज्याराज्यांवर सोपवले गेले. बहुतेक ठिकाणी बनवणारा वेगळा, घाऊक विकणारा वेगळा, दुकानदार वेगळा अशी उतरंड आहे. छोट्या ब्रुअरीला पन्नास राज्यांत शिरणं परवडत नाही. टपालाने दारू पाठवायला बंदी, कुरिअरवाले साध्या माणसाकडून घेत नाहीत. तरीही लोक पाठवतात, खोक्यावर 'यीस्टचे नमुने' असं काहीतरी लिहितात, आणि हे सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे. माझ्यात ते धाडस नव्हतं. व्हिसा जाईल या भीतीने मी हातोहातचीच देवाणघेवाण करायचो. तीही कायद्याच्या नेमक्या कुठल्या बाजूला बसते हे मी कधी खोलात जाऊन तपासलं नाही, हे कबूल करतो. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर मामा एकाएकी किती धार्मिक व्हायचा ते मी लहानपणी पाहिलंय. सीमेपलीकडच्या बाटलीची चव वेगळी का लागते, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

त्याआधी माझी बिअरची समज परमिट रूमइतकीच होती. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना बिअरच्या जाती दोन, स्ट्राँग आणि माइल्ड. तिचे गुणही दोन, थंड आहे की नाही आणि किती चढते. चव हा चकण्याचा विषय होता. कांदा-लिंबू मारलेले खारे शेंगदाणे बरे की मसाला पापड, यावर आम्ही तासन् तास भांडलोय. बिअरवर कुणीच कधी काही बोललं नाही. घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं, दाणे टाकायचे.

मॅडिसनला ऑफिसातल्या एकाने पहिल्यांदा न्यू ग्लारसची 'विस्कॉन्सिन बेल्जियन रेड' पाजली. डोअर काउंटीच्या आंबट चेरी, पाऊण लिटरच्या एका बाटलीमागे पाऊंडभराहून जास्त. मी घोट घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, "ही बिअर नाहीये." तो म्हणाला, "ही बिअरच आहे. तुला बिअर म्हणून जे दिलं गेलं ते दुसरंच काहीतरी होतं." थोडं आगाऊच बोलणं, पण खोटं नव्हतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या अमेरिकेत शंभराहूनही कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या आणि बहुतेक सगळ्या एकाच चवीचं फिकट पाणी विकायच्या. १९७८मध्ये घरी बिअर बनवायला कायद्याने मोकळीक मिळाली, गॅरेजांमध्ये पातेली चढली, आणि त्यातल्याच काही पातेल्यांच्या पुढे कंपन्या झाल्या.

तर ते पार्किंगमधले गृहस्थ. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. त्यांचा मुलगा व्हरमाँटला राहायचा, त्यामुळे त्यांच्याकडे 'हेडी टॉपर' असायची. वॉटरबरी गावात 'अल्केमिस्ट' नावाचं एका जोडप्याचं पब होतं. ऑगस्ट २०११मध्ये आयरीन वादळाच्या पुरात ते बुडालं, आणि त्यानंतर मोजक्या दिवसांत त्यांच्या नव्या कारखान्यातून या बिअरचे पहिले कॅन बाहेर पडले. कॅनवर लिहिलेलं असतं, ग्लासात ओतू नका, कॅनमधूनच प्या. त्या दिवसांत ती व्हरमाँटच्या बाहेर मिळणं म्हणजे लॉटरीच.

या व्यवहाराची एक रीत आहे. किंमत डॉलरला डॉलर धरायची, दुर्मिळतेचा भाव लावायचा नाही. लावणारे लावतात, पण मग त्यांचं नाव खराब होतं. फार दुर्मिळ बाटलीला 'व्हेल' म्हणतात, म्हणजे देवमासा. आणि ठरलेल्या मालाशिवाय खोक्यात न सांगता दोन-तीन जास्तीच्या बाटल्या टाकायच्या. हा अलिखित नियम सगळ्यात कडक. पहिल्या वेळी मला तो माहीत नव्हता. घरी येऊन खोकं उघडलं तर ठरलेल्या आठ कॅनखाली तीन अनोळखी बाटल्या, प्रत्येकीला जुन्या वर्तमानपत्राची घडी आणि रबरबँड. मी शरमेने लाल झालो. मी मोजून बारा दिल्या होत्या, वाण्यासारख्या. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी वाटीभर काही पाठवलं तर ती वाटी रिकामी परत जात नाही, निदान चार साखरेचे दाणे तरी टाकतातच. हे ज्या घरात शिकलो त्या घरचा मी, आणि इलिनॉयच्या एका मास्तरांनी मला ते परत शिकवलं. पुढच्या खेपेला मी चार जास्तीच्या घातल्या आणि वर पाव किलो लसणाची चटणी. ती त्यांनी पिझ्झावर घालून संपवली.

हळूहळू ओळख वाढली आणि त्यांनी मला त्यांच्या बिअर चाखणाऱ्या मंडळात नेलं. जानेवारी २०१४, उत्तर ध्रुवाकडची थंडी खाली उतरली होती तो आठवडा. बाहेर उणे वीसच्याही खाली. गाडीत ठेवलेली बाटली गोठून फुटते, म्हणून प्रत्येक जण आपापल्या बाटल्या कोटाच्या आत धरून, तान्हं मूल घेऊन यावं तसा तळघरात उतरत होता. आम्ही नऊ जण, बाटल्या अठरा. हे ऐकून परमिट रूमचा माणूस डोळे विस्फारेल, पण प्रत्येकाच्या वाट्याला एका वेळी साठ मिलिलिटर, म्हणजे औषधाचे बारा चमचे. फिकटाकडून गडदाकडे, हलक्याकडून जड मालाकडे जायचं. मध्ये पाणी आणि पाव. मसालेदार काही नाही, परफ्युम लावून आलेल्याला कोपऱ्यात बसवणार. आणि टेबलाच्या मधोमध एक बादली. नको असेल ते तिच्यात ओतायचं, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. अतिच वाईट निघाली तर तिला त्यांच्या भाषेत जे म्हणतात त्याचा सरळ अर्थ 'मोरीत ओतायची' असा होतो. एका गोऱ्या दंतवैद्याने ऐंशी डॉलरची बाटली एक घोट घेऊन मोरीत ओतली तेव्हा माझ्यातला मध्यमवर्ग कळवळला होता.

पण खरी अडचण वेगळी होती. प्रत्येकाने घोट घेऊन काहीतरी बोलायचं. आणि ते बोलायचे! ग्रेपफ्रूट, पाइनचा डिंक, ग्रॅहम क्रॅकर, भाजलेला मार्शमेलो, बॉइसेनबेरी. यातल्या निम्म्या गोष्टी मी आयुष्यात हुंगलेल्या नव्हत्या. माझी पाळी आली की मी "नाइस, व्हेरी स्मूद" म्हणून ग्लासात बघायचो. तोंडाला चव कळत होती, ती सांगायची कशी हे कळत नव्हतं. आणि ज्या चवीला नाव नसतं ती दोन मिनिटांत विसरते, हा माझा अनुभव. दुसऱ्या दिवशी काहीही आठवायचं नाही, फक्त बाटल्यांच्या चिठ्ठ्या आठवायच्या.

सातवी की आठवी बाटली कांतियोंची होती, गझ नावाची आंबट बिअर. ब्रुसेल्समधली १९००पासूनची ही ब्रुअरी. तिथे बिअरमध्ये यीस्ट घालतच नाहीत. उकळलेलं गव्हा-बार्लीचं पाणी माळ्यावर तांब्याच्या एका उथळ, अंगणाएवढ्या भांड्यात रात्रभर उघडं ठेवतात, फक्त थंडीच्या महिन्यांत. हवेतून जे पडेल त्याने ते आंबतं. मग लाकडी पिंपात एक, दोन, तीन वर्षं, आणि शेवटी तिन्ही वयांचं मिश्रण. जाळी काढली तर कोळी जातील, आणि कोळी गेले तर माश्या होतील, म्हणून कोळिष्टकंसुद्धा झाडत नाहीत. मास्तर हे अगदी भक्तिभावाने सांगत होते आणि मला आठवत होतं की आजी आंबिलीचं मडकं कधीच साबणाने धुवायची नाही.

ग्लास फिरले. दंतवैद्य म्हणाला, "हॉर्स ब्लँकेट." सगळ्यांनी माना डोलावल्या. घोड्याच्या पाठीवरचं घोंगडं, हा त्या चवीसाठी ठरलेलाच शब्द आहे. ब्रेटानोमायसिस नावाच्या रानटी यीस्टमुळे तो वास येतो. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी १९०४मध्ये ते इंग्लिश बिअरमध्ये शोधलं आणि ब्रिटिशांचंच नाव त्या बुरशीला दिलं, हा एक छान टोमणाच. मी नाक ग्लासात घातलं. आणि मी मिरज स्टेशनबाहेर उभा होतो.

टांगा स्टँड! दुपारची वेळ, रात्रीची महालक्ष्मी अजून लांब, घोड्यांच्या तोंडाला चंदीच्या पिशव्या, घामेजलेलं चामडं, ओलं गवत, आणि सीटखालच्या पोत्याचा तो आंबूस, कोंदट, पण अजिबात घाण न वाटणारा वास. शाळेत असताना मी रोज त्याच्यातून गेलोय. "तुमच्यापैकी घोड्याचं घोंगडं खरोखर कुणी हुंगलंय?" मी विचारलं. तळघरात शांतता. एकानेही नाही. एक जण लहानपणी यात्रेत तट्टावर बसला होता, तेवढंच. ते सगळे पुस्तकातला शब्द वापरत होते. त्या नऊ जणांत तो वास ज्याच्या नाकात वसलेला होता असा माणूस मीच, आणि "नाइस, स्मूद" म्हणत बसलेलाही मीच.

त्या रात्रीपासून मी वही ठेवली. मराठीत. आणि लक्षात आलं की या कामासाठी आपल्याकडे शब्दांचं कोठार पडलंय. आंबट वेगळं, आंबूस वेगळं, आंबटढाण वेगळं. कडू आणि कडसर. खरपूस कुठे संपतं आणि करपट कुठे सुरू होतं हे भाकरी करणारी कुठलीही बाई सांगेल. स्टाउट नावाच्या काळ्या बिअरची अख्खी जात त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत बसते. खवट म्हणजे जुन्या खोबऱ्याचा. कुबट म्हणजे पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा. उबट म्हणजे डब्यात गरम झाकून ठेवलेल्या पोळीचा. कळकलेलं म्हणजे कल्हई गेलेल्या पितळेत राहिलेलं ताक. इंग्रजीत 'मेटॅलिक' म्हणून मोकळे होतात, त्यात ताक कुठे आहे?

हा शोध मला फार मोठा वाटत होता. आईने तो एका मिनिटात जागेवर बसवला.

२०१५च्या उन्हाळ्यात ती तीन महिन्यांसाठी आली होती. त्याच दिवसांत माझ्या ग्रीन कार्डाच्या कागदपत्रांतला एक मोठा टप्पा मंजूर झाला आणि मी खास प्रसंगासाठी जपलेली बाटली काढली, 'प्लिनी द एल्डर'. कॅलिफोर्नियाच्या रशियन रिव्हरची, २०००पासूनची प्रसिद्ध डबल आयपीए, म्हणजे हॉप्सचा, बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, सढळ मारा असलेली जात. नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन पंडिताचं, ज्याच्या लिखाणात हॉप्सचा उल्लेख आहे असं मानतात. मास्तरांनी ती मला आदल्या वर्षीच्या वसंतात दिली होती, तीही जास्तीची म्हणून. बाटलीच्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं असतं की ही ठेवू नका, ताजी प्या, मुरवायचंच असेल तर चीज मुरवा. मी ते कौतुकाने चार जणांना वाचून दाखवलं होतं आणि बाटली चौदा महिने तळघरात ठेवली होती. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी. आमच्या घरी पाहुण्यांचे कप कपाटातच म्हातारे झाले, त्यातलाच प्रकार.

ओतली. रंग ठीक होता. घोट घेतला आणि काहीतरी चुकलं होतं. मी स्वतःची समजूत घालत होतो की हीच चव असेल, नावाजलेली आहे. आई पीत नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "दे इकडे, वास घेते." तिने ग्लास नाकापाशी नेला, दूर धरला, परत नेला. इडलीचं पीठ, ताक, लोणच्याचा खार, सगळं ती आयुष्यभर असंच तपासत आलीय.

"पावसात दप्तर भिजायचं ना तुझं? त्यातल्या वह्यांचा वास येतोय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि काकवीचा. किती दिवस ठेवलीस?"

ओला पुठ्ठा! ऑक्सिजनने जुनी केलेल्या बिअरचं पाठ्यपुस्तकातलं लक्षण. हॉप्सचा सुगंध आधी उडून जातो, मागे माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोडवा राहतो आणि त्यावर कागद चढतो. हे शिकायला मला तीन वर्षं आणि बरेच डॉलर लागले होते. लोणचं मुरतं, आयपीए शिळी होते. ती मोरीत ओतताना मला प्लिनीपेक्षा मास्तरांचंच जास्त वाईट वाटत होतं.

मग हट्टाने फ्रीजमधली 'झॉम्बी डस्ट' फोडली. शिकागोजवळच्या मन्स्टरच्या 'थ्री फ्लॉइड्स'ची, बाजारात २००८मध्ये आलेल्या एकाच जातीच्या हॉप्सवर केलेली, सिट्रा. दोन आठवड्यांपूर्वीची ताजी. आईला म्हटलं, आता हिचा घे. सिट्राबद्दल लोक आंबा लिहितात, लिची लिहितात. आईने वास घेतला आणि तिच्या तोंडावर मे महिना आला.

"अरे, बोंडू!"

काजूची पिकलेली बोंडं, वेंगुर्ल्याच्या घराच्या मागच्या पडवीत टोपलीत पडलेली, गोड, तुरट, जराशी उग्र, मधमाश्या घोंघावतायत. मी परत नाक घातलं आणि होतं तिथे. इतके दिवस मी त्याला 'ट्रॉपिकल फ्रूट' लिहीत होतो. वहीत ते खोडलं आणि बोंडू लिहिलं. आईने शब्द दिला आणि ग्लास परत केला. "पण पिऊ नकोस फार," असंही म्हणाली.

त्याच शरद ऋतूत मास्तरांना भेटलो, त्याच चीजच्या दुकानापाशी. माझ्या खोक्यात जास्तीचं म्हणून आईच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची बरणी होती. प्लिनीचं काय झालं ते खरं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, "सगळ्यांचं एकदा होतं," एवढंच म्हणाले. मग बरणी उजेडात धरून, तळाशी बसलेली मोहरी बघून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ही लगेच उघडायची की ठेवायची?" मी म्हटलं, ठेवता येते. हे माझं चुकलं. त्यांनी पेन काढून झाकणावर तारीख लिहिली.

२०१८मध्ये मी पुण्याला परत आलो. इथे आता डिकी उघडून उभं राहायची फारशी गरज पडत नाही. 'डूलाली'ने २००९मध्ये याच शहरात मायक्रोब्रुअरीची सुरुवात केली, आणि आता ताजी बिअर नळावर मिळते. चार-पाच जणांचं आमचं मंडळ जमलंय, कुणी बेंगळुरूहून काही आणतं, कुणी बेल्जियमहून. साठ मिलिलिटरचा नियम मी लावायचा प्रयत्न केला, पुणेकरांनी तो चर्चेला घेतला, अजून चर्चाच चालू आहे. वही मात्र सगळ्यांनी उचलली. परवा एकाने एका बिअरपुढे फक्त 'चुलत्याची ट्रंक' असं लिहिलं, आणि आम्हा सगळ्यांना ते कळलं.

२०१९च्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मास्तरांचा निरोप आला. सोबत फोटो. तेच तळघर, तेच टेबल, आणि साठ मिलिलिटरच्या छोट्या ग्लासांमध्ये एकेक फोड लोणचं. चार वर्षं त्यांनी बरणी स्टाउटच्या बाटल्यांशेजारी अंधारात ठेवली होती आणि त्या दिवशी सगळ्यांना बोलावून उघडली होती. खाली रीतसर टिपण: आधी मोहरी नाकात जाते, मग मीठ, मग लांबून आंबट, शेवट खूप वेळ रेंगाळतो. दंतवैद्याने दोनदा मागून घेतलं. आणि एक प्रश्न, मधेच गंधकासारखा एक उग्र वास येतो, तो कशाचा? त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

आई स्वयंपाकघरात होती. मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, फोटो दाखवला. तिने चष्मा लावून ते ग्लास नीट बघितले.

"हिंग, सांग त्यांना," ती म्हणाली. मग फोटो बोटांनी मोठा करून बघत, "आणि विचार, चमचा कोरडा होता ना?"